तीन मिनिटं हात वर

हात कमी वापरा, असं मला गेल्या दीड वर्षात चार डॉक्टरांनी आणि एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं. निदानाबद्दल त्यांचं एकमत नव्हतं, या सल्ल्याबद्दल मात्र होतं. पहिल्याने स्पॉन्डिलायसिस सांगून गळ्याला पट्टा दिला. दुसऱ्याने साखर तपासली, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. तिसऱ्याला मनगटात नस दबल्याचा संशय आला. चौथे नागपूरचे. त्यांनी शर्ट काढायला लावला, मानेच्या बुडाशी, गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर अंगठा दाबला, आणि करंगळीपर्यंत करंट गेला. मग दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आणून, कोपरात वाकवून पंजे वर धरायला सांगितले आणि तीन मिनिटं मुठी उघडमीट करायला. सव्वा मिनिटाला माझा उजवा हात खाली आला. मी आणला नाही; आला.

कागदावर लिहिलं गेलं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, न्यूरोजेनिक. आधी काही महिने व्यायाम, फरक नाही पडला तर पहिली बरगडी काढायची. आणि अर्थातच, हात कमी वापरा.

मी वरूडचा. साडेतीन एकर संत्रा आहे, वडिलांनी शेंदुरजना घाटहून कलमं आणून लावलेला. दोन्ही हात वर करून बोटांची उघडमीट करणं याला वैद्यकात चाचणी म्हणतात. आमच्याकडे तोडणी म्हणतात. फरक एवढाच की चाचणी तीन मिनिटांची असते.

दुखण्याची जागा आधी सांगतो, कारण नाव ऐकून कुणालाच काही कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. मानेच्या मणक्यांतून निघालेल्या नसांचा एक झुबका हाताकडे जातो. त्याच्यासोबत हाताची मोठी धमनी आणि शीर. ही सगळी मंडळी तीन चिंचोळ्या वाटांतून जातात: आधी, शीर सोडून, मानेच्या दोन स्नायूंमधून, मग कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून, मग छातीच्या एका छोट्या स्नायूखालून. यातली कुठलीही वाट आवळली की हातात मुंग्या, बधिरपणा, दुखणं, पकड सुटणं. धमनी किंवा शीर दाबली गेली तर हात पांढरा-निळा पडतो, सुजतो, रक्ताची गुठळी होते, आणि मग फार चर्चा करत बसायची सोय नसते. पण नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये दाबली जाते ती नस, आणि नसेच्या बाबतीत चर्चाच चर्चा असते.

आता माझ्या उजव्या हाताने वीस वर्षांत काय केलं ते सांगतो. चारपैकी एकाही डॉक्टरने ते विचारलं नाही. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना होता, त्यात काउंटरवरच्या मुलाने ‘शेती’ असं लिहिलं आणि विषय संपला.

तोडणी झाली की झाडातली सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायची. सल झाडाच्या पोटात आणि डोक्यावर असते, म्हणजे मान मागे, हात वर, हातात कातर नाही तर आरी. मग फवारण्या. कोळशी आली की फवारा, सायला आला की फवारा, फळगळ सुरू झाली की फवारा. लहान झाडांना आणि मधल्या पिकांना पाठीवरचा पंप. सोळा लिटरच्या पंपात सोळा किलो पाणी, पंपाचं वजन वेगळं, आणि हे सगळं दोन पट्ट्यांवर, कॉलरबोनच्या अगदी वर. मोठ्या झाडाला पाठीवरचा पंप पुरत नाही. तिथे इंजिनचा पंप, लांब पाइप, आणि हातात गन. एका हाताने पाइप ओढायचा, दुसऱ्याने गन वर धरायची, आणि फवारा अंगावर येऊ नये म्हणून मान वळवायची. शेवटी तोडणी. खांद्याला झोळी, हात वर, झोळी भरली की कॅरेटमध्ये रिकामी, कॅरेट भरला की उचलून गाडीशी. मजूर मिळतात तेव्हा मजूर असतात. नाही मिळाले तर मी असतो. मजूर मिळाले तरी मी असतो.

पट्ट्याचं ओझं कॉलरबोनला खाली, बरगडीवर ढकलतं, हे कुणी वरूडमध्ये शोधून काढायची गरज नव्हती. १९४३ साली फाल्कनर आणि वेडेल या दोघांनी लॅन्सेटमध्ये याच फटीवर लेख लिहिला होता. खांदे मागे-खाली ओढून उभं राहिलं, पाठीवर ओझं घेतलं, की फट मिटते आणि मनगटाची नाडी गायब होते. त्या पवित्र्याला आजही लष्करी नाव आहे. सैनिक खांदे मागे ओढून ताठ उभा राहतो म्हणून ते लष्कराच्या नावावर गेलं. पाठीवर कीटकनाशक घेऊन माणूस चालत असेल तर त्याच्या नावावर काही जात नाही.

माझं भांडण इथून सुरू होतं. ऑपरेशन करावं की नाही हा प्रश्न माझ्यापुढे असा ठेवला गेला आहे जणू तो माझ्या बरगडीचा आणि माझ्या धीराचा आहे. बरगडी आहे, दुखतं आहे, काढायची का? धीर आहे का? या मांडणीतून काम गायब आहे. आणि काम गायब केलं की दुखण्याचं कारण म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मी.

त्याला ‘पोश्चर’ म्हणतात. मला मिळालेल्या व्यायामाच्या कागदावर खुर्चीत बसलेला एक सडपातळ माणूस आहे, समोर संगणक. एका चित्रात तो पोक काढून बसला आहे, त्यावर फुली. दुसऱ्यात ताठ, त्यावर बरोबरची खूण. खाली लिहिलंय, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. मी खुर्चीतून उठायला तयार आहे, आधी बसायला तर मिळू द्या. पाठ्यपुस्तकांत तर या रोगाची ठरावीक नायिकाच आहे: मध्यमवयीन स्त्री, खांदे झुकलेले. खांदे कशाने झुकले हे पुस्तकाला विचारावंसं वाटत नाही. पाण्याचे हंडे, डोक्यावरचे भारे, कापूस वेचताना गळ्यात-कमरेला बांधलेली ओटी, पाठीवरचं पोर, यातलं काही त्या चित्रात नाही. खांदे झुकलेले आहेत, बस. जन्मतःच तसे असावेत.

व्यायामांची मी टिंगल करत नाही. मला जो फिजिओ मिळाला तो अमरावतीचा, माणूस चांगला आणि हुशार. आठवड्यातून दोनदा एसटीने गेलो-आलो, की दोन दिवस गेले. श्वास पोटाने घ्यायला शिकलो, मानेचे स्नायू सैल सोडायला शिकलो, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, बागेत हात कमी लागला तेव्हा, मुंग्या निम्म्या झाल्या. मग फळगळ सुरू झाली. तीन दिवस गन धरली. चौथ्या दिवशी चहाचा कप हातातून सुटला.

याचा अर्थ ‘व्यायामाने फरक पडला नाही’ असा कागदावर लागणार आहे. ‘व्यायामाने फरक पडला, कामाने तो खाल्ला’ असा लावायला कागदावर जागा नाही. आणि पहिल्या वाक्याचं पुढचं पाऊल ऑपरेशन आहे. दुसऱ्याचं नाही.

कामाचा हिशेब या रोगात करताच येत नाही असं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एका धंद्यात तो चोख केला जातो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथल्या गोलंदाजांना, पिचर म्हणतात त्यांना, हा रोग होतो, कारण त्यांचा हात वर्षानुवर्षं डोक्याच्या वरून ताकदीने फिरतो. न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीचं २०१६ मध्ये याच दुखण्यासाठी ऑपरेशन झालं. पुढे तो पूर्वीचा हार्वी राहिला नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीफन स्ट्रासबर्गने २०१९ ची वर्ल्ड सिरीज गाजवली, डिसेंबरमध्ये सात वर्षांचा चोवीस कोटी पन्नास लाख डॉलर्सचा करार केला, २०२१ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, आणि २०२२ मध्ये एक सामना टाकून त्याची कारकीर्द संपली. दोघांनाही कुणी पोश्चर सुधारा म्हणून कागद देऊन घरी पाठवलं नाही. कुणी त्यांच्या झुकलेल्या खांद्यांवर संशय घेतला नाही. चेंडू फेकून फेकून झालं, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मान्य होतं, आणि कराराचे पैसे देणं क्लबला भाग होतं. हात डोक्यावर नेणं हे ज्याचं मोलाचं काम आहे त्याच्या बाबतीत कारण लगेच सापडतं. ज्याच्या कामाला मोल नाही त्याच्या बाबतीत कारण शरीररचनेत शोधावं लागतं.

एका डॉक्टर मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, वरूड तालुक्यात हजारो लोक हेच काम करतात, सगळ्यांना होतं का? तुझ्या मानेत एखादा जास्तीचा तंतू असेल, स्नायूची ठेवण वेगळी असेल. असेल. मानेत जादा बरगडी असणारी माणसं शंभरात एखादी, बहुधा त्याहून कमी, आणि एक्स-रेत माझ्या मानेत ती नाही. तंतू आणि स्नायूंची वेगळी ठेवण मात्र खूप जणांत असते, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणजे ठेवण एकटी पुरत नाही, वर काहीतरी लागतं. ते वरचं काहीतरी बदलता येतं, ठेवण बदलायला भूल द्यावी लागते. मग आधी चर्चा कशाची व्हावी?

हाच युक्तिवाद मी पूर्वी ऐकला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, कितीतरी दवाखान्यात गेले. तेव्हा आधी काय ऐकू आलं? मास्क घातला नव्हता. हातमोजे घातले नव्हते. वाऱ्याच्या दिशेने फवारलं नाही. भर उन्हात, दमट हवेत, माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत रबरी मोजे आणि मास्क घालून दिवसभर कोण उभं राहू शकतं हा प्रश्न नंतर आला. तरी तो आला, कारण प्रेतं होती. चौकशी बसली, पथकं आली, वर्तमानपत्रं आली. सगळ्यांनी पंपातलं औषध पाहिलं. पंप कुणी पाहिला नाही. ज्या पट्ट्यांवर ते औषध लटकलेलं होतं ते पट्टे कुणाच्या खांद्यात किती रुतले होते हे मोजायचं कारण नव्हतं. खांद्याने कुणी मरत नाही. तेव्हाचा मास्क म्हणजे आताचं पोश्चर.

आता शंकेखोरांकडे वळतो. ही माणसं मला आवडतात, म्हणून त्यांच्याशी जास्त भांडायचं आहे. या रोगाबद्दल वैद्यकात जितकी हाणामारी आहे तितकी फार थोड्या रोगांबद्दल असेल. ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव १९५६ चं. काखेतून पहिली बरगडी काढायची पद्धत डेव्हिड रूस या अमेरिकन सर्जनने १९६६ मध्ये मांडली, आणि नंतर बरगड्या काढण्याची लाटच आली. तीन मिनिटांची चाचणीही त्याच रूसच्या नावाने ओळखली जाते. क्लीव्हलंडच्या अ‍ॅसा विल्बर्न या न्यूरॉलॉजिस्टने १९८८ मध्ये दाखवून दिलं की या ऑपरेशनमध्येच हाताच्या नसांना गंभीर इजा झालेले रुग्ण आहेत. १९९० मध्ये एकाच नियतकालिकात दोघे समोरासमोर आले: विल्बर्न म्हणाला हे निदान गरजेपेक्षा जास्त केलं जातं, रूस म्हणाला कमी केलं जातं.

विल्बर्नचं म्हणणं असं होतं की नसेच्या तपासणीत ज्यांचा दोष स्पष्ट दिसतो, ज्यांच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजलेला आहे, तो खरा रोग, आणि तो दुर्मिळ. पाठ्यपुस्तकांत दहा लाखांत एक हा आकडा सर्रास आढळतो. बाकीचे, म्हणजे माझ्यासारखे, ज्यांची एमआरआय स्वच्छ, नसांची तपासणी जवळपास नॉर्मल, आणि हात मात्र कामाचा नाही, ते ‘वादग्रस्त’. हा अधिकृत शब्द आहे. माझ्या हाताचा प्रकार वादग्रस्त आहे.

विल्बर्नचा इशारा मला मान्य आहे. तीन मिनिटांच्या चाचणीत धडधाकट माणसाचाही हात भरून येऊ शकतो, मनगटात नस दबलेल्याचाही येतो. एवढ्यावर कुणाची छाती उघडू नये. पण इशाऱ्यावरून त्याच्या चाहत्यांनी जो निष्कर्ष काढला तो मला मान्य नाही. यंत्रात दिसत नाही म्हणून नाही, हे चालणार नाही. आडव्या पडलेल्या, हात अंगाशी ठेवलेल्या माणसाची नस तपासायची आणि हात वर नेल्यावर होणारं दुखणं त्यात शोधायचं, हे विहिरीचं पाणी आटलं का ते पावसाळ्यात बघण्यासारखं आहे. आणि त्या वादाला अमेरिकेतल्या भरपाईचं एक अस्तर होतं: निदान झालं की विम्याचे पैसे, म्हणून निदानावर संशय. इथे माझ्या निदानावर संशय घेणाऱ्याने एवढंच सांगावं की खोटं बोलून मला काय मिळणार आहे? आमच्याकडे या दुखण्याचे कुणी पाच पैसे देत नाही.

दहा लाखांत एक हा आकडाही मोजणाऱ्याकडे जे पोचले त्यांचा आहे. तोडणीला येणारी एक बाई मला म्हणाली, “भाऊ, रात्री हात मरते. उठून झटकते, मंग जीव येते त्याच्यात.” माझ्या आईचाही हात मरतो, तीस वर्षं. ती म्हणते वात आहे. त्या दोघींना माझाच रोग आहे असं मी म्हणत नाही. मनगटाची नस असेल, मानेची गादी असेल, साखर असेल. मी म्हणतो, कुणी पाहिलेलं नाही. मलासुद्धा नाव मिळायला चार डॉक्टर, दोन शहरं आणि दीड वर्ष लागलं, आणि माझ्याकडे साडेतीन एकर बाग आहे. रोजंदारीवरच्या बाईच्या हाताला नाव मिळायला किती लागेल? तोवर ती दहा लाखांतल्या नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांत धरली जाईल.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यात एक प्रश्न वाढवा, तुझा धंदा काय, असं त्याने सांगितलं होतं. सव्वातीनशे वर्षांत आम्ही त्या प्रश्नासाठी रकाना छापला. उत्तर वाचायचं राहिलं.

ऑपरेशनबद्दल मी जे वाचलं ते असं. सर्जनच्या हाताखाली जाणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे: फुप्फुसाचं आवरण फाटून छातीत हवा भरणं, श्वासपटलाची नस, खांद्याचं पातं धरून ठेवणारी नस, मोठी धमनी, आणि ज्या नसा सोडवायच्या त्याच. अनुभवी हातात हे क्वचित होतं. नंतर जागेवर व्रण धरून पुन्हा आवळणं हेही होतं. फायद्याचा पुरावा बराच काळ फारच पातळ होता. कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात ऑपरेशन हे काही न करण्यापेक्षा बरं आहे हे दाखवणारी एकही धड चाचणी सापडली नव्हती. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या एका गटाने पन्नास रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याचा व्यायाम चालू. तीन महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचे हात स्पष्टपणे बरे होते. पन्नास म्हणजे थोडे, पण मी त्याला हसणार नाही. तो आकडा वाचून मला बरं वाटलं होतं.

पण ज्याने माझी झोप उडवली तो दुसरा आहे. वॉशिंग्टन राज्यात कामगारांच्या भरपाईचा निधी सरकार चालवतं, त्यामुळे कोण कामावर परत आला याची नोंद असते. या रोगाचं ऑपरेशन झालेल्या तिथल्या कामगारांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर एक वर्षाने साठ टक्के कामगार अजून कामाला येऊ शकत नव्हते. यावर काही जणांनी अर्थ लावला की भरपाई मिळणाऱ्याला बरं व्हायची घाई नसते. मी वेगळा लावतो. वाट मोकळी केली, आणि माणसाला त्याच कामाकडे परत पाठवायचं होतं ज्याने वाट बंद केली होती. नेदरलँड्सच्या प्रश्नावलीत हात किती दुखतो, बरणीचं झाकण उघडतं का, असं विचारतात. वॉशिंग्टनच्या नोंदीत एकच प्रश्न होता: कामावर आला का? दोन्ही आकडे खरे असू शकतात. माझ्या हाताने झाकण उघडेल आणि बाग जाईल, असंही होऊ शकतं.

आमच्याकडे हा दुसरा प्रश्न विचारणारी नोंदच नाही. कामगारांच्या भरपाईच्या १९२३ च्या कायद्याला धंद्याने होणाऱ्या रोगांची यादी जोडली गेली: शिसं, पारा, आर्सेनिक, फॉस्फरसची विषारी संयुगं, अ‍ॅस्बेस्टॉस, गोंगाटाने येणारं बहिरेपण. ओझ्याने आणि त्याच त्या हालचालीने स्नायू-नसांना होणारे रोग त्यात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत त्यांचा वेगळा गट आहे. अर्थात आमच्या यादीत असते तरी मला काय? मी माझ्याच बागेत मजूर. मालकावर दावा ठोकायचा तर आरशासमोर उभं राहावं लागेल.

शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. वीज पडली, साप चावला, झाडावरून पडला, फवारताना विष भिनलं, तर मदत. एक हात गेला तर एक लाख. म्हणजे माझा हात कडबा कटरमध्ये गेला असता तर एक लाख होते. तो वीस वर्षांत, करंगळीपासून सुरू करून, हळूहळू गेला तर काहीच नाही. अपघात एका दिवसात झाला पाहिजे. शेतातली निम्मी मोडतोड एका दिवसात होत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही असंच. ती योजना मोलाची आहे, आमच्या गल्लीत दोघांचे हृदयाचे झडपे तिने बदलले. माझं ऑपरेशन तिच्यात बसतं का ते आरोग्यमित्र बघतो आहे. पण योजनेचा साचा भरती झालेल्या माणसाचा आहे. बरगडी काढायची तर कदाचित पैसे आहेत. एसटीचं भाडं, आठवड्याचे दोन दिवस, माझ्या जागी गन धरणाऱ्याची मजुरी, याला पैसे नाहीत. म्हणजे ज्याने मुंग्या निम्म्या झाल्या होत्या ते माझ्या खिशातून, आणि ज्यात साठ टक्क्यांची टांगती तलवार आहे ते सरकारच्या. याला मी माझा स्वतंत्र निर्णय म्हणायचा. “बरगडी म्हंजे काय सल आहे, काढून टाकाले?” असं शेजारचे काकाजी विचारतात. काकाजी, सल काढायलाही मजूर लागतो. बरगडी फुकटात निघू शकते.

मग काय करू, असं कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे आहे. पंपाचे पट्टे रुंद आणि कमरेला वजन देणारे असावेत. डोंगर चढणाऱ्यांच्या पिशव्यांना ते कधीपासून असतात. पंप अनुदानावर वाटले जातात, तिथे ही अट घालायला कुणाची बरगडी लागत नाही. ट्रॅक्टरमागचा फवारा ब्लोअर गटाने घेता येतो. झाडं छाटून बुटकी ठेवता येतात, आणि घनदाट लागवडीच्या नव्या बागांत ते बोललंही जातं, पण उत्पन्न आणि काढणीच्या सोयीसाठी. खांद्याचं नाव त्यात निघत नाही. यातलं काही क्रांतिकारी नाही. डॉक्टरने ‘हात कमी वापरा’ याऐवजी ‘खांद्याच्या वर हाताचं काम आणि पाठीवर ओझं सहा महिने बंद’ असं सही-शिक्क्याने लिहून द्यावं, हेही नाही. मी मागितलं. एका मोठ्या दवाखान्यात मला सांगितलं गेलं की असं सर्टिफिकेट नोकरीवाल्यांना देतात.

आणि तरी एक गोष्ट अशी आहे जिचं उत्तर माझ्याकडे नाही, ती लपवणं बरोबर नाही. मी हात कमी वापरला की काम कमी होत नाही. ते दुसऱ्या हाताकडे जातं. यंदा मी आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकला. भाव पडून मिळाला, पण तोडणी माझी नाही. तोडणी करायला व्यापारी मजुरांची गाडी आणेल, आणि त्या गाडीत बहुधा ती बाई असेल जिचा हात रात्री मरतो. माझ्या फिजिओच्या वहीत हे ‘कामात योग्य बदल केला’ म्हणून नोंदलं जाईल, आणि माझ्या मुंग्या कमी झाल्या तर तो उपचाराचा गुण ठरेल.

नागपूरची पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. मी सर्जनना विचारायचे प्रश्न लिहून ठेवले आहेत. असं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता. मानेच्या स्नायूत भुलीचं इंजेक्शन देऊन आधी बघणार का, हात तेवढ्यापुरता मोकळा होतो का ते. काखेतून की गळ्यावरून. आणि तुम्ही बरगडी काढलेल्यांपैकी हाताने काम करणारे किती होते, आणि त्यातले किती त्याच कामावर परत गेले. पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळतील असं वाटतं. चौथ्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर ते शोधायला सुरुवात करा म्हणून मी माझा फोन नंबर देऊन येणार आहे. ऑपरेशन झालं तर वर्षभराने त्यांनी फोन करावा. नाही झालं तरी करावा.